स्वस्त मिनी पीसी : किंमत, दर्जा आणि भरवसा

तळहातावर मावेल एवढ्या डब्यात बसवलेला, स्वतःचा पडदा, कळफलक आणि बॅटरी नसलेला, पण बाकी सर्व अंगांनी पूर्ण असा डेस्कटॉप संगणक म्हणजे मिनी पीसी. परदेशात भाड्याच्या लहान घरांत राहणाऱ्या, घरून काम करणाऱ्या आणि दर दोन-चार वर्षांनी गाव किंवा देश बदलणाऱ्या व्यावसायिकांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तो टेबलावर जागा अडवत नाही, वीज कमी खातो, सामानात सहज बसतो आणि अनेकदा चांगल्या फोनच्या पाव किमतीत मिळतो. परंतु दीडशे-दोनशे डॉलरच्या या यंत्रावर बँकेचे व्यवहार, कार्यालयाची कागदपत्रे आणि घरातील छायाचित्रे सोपवायची का, हा प्रश्न निव्वळ किमतीने सुटत नाही. तो प्रश्न कसा तपासावा, याची माहिती या लेखात एकत्र केली आहे.

थोडा इतिहास

छोटा डेस्कटॉप ही कल्पना नवी नाही. ॲपलने जानेवारी २००५ मध्ये ‘मॅक मिनी’ ४९९ डॉलरना बाजारात आणला. पडदा, कळफलक आणि माउस ग्राहकाने स्वतःचे वापरावेत, ही त्यामागची भूमिका होती. इंटेलने २०१२-१३ च्या सुमारास ‘एनयूसी’ ही मालिका सुरू केली. चार इंच बाय चार इंचांच्या आसपासचा चौकोनी डबा हे या प्रकाराचे परिचित रूप तिच्यामुळेच रूढ झाले. जुलै २०२३ मध्ये इंटेलने या मालिकेतील थेट गुंतवणूक थांबवली आणि पुढे ती आसुसकडे गेली.

याच काळात डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्यांनी कार्यालयांसाठी साधारण एक लिटर घनफळाचे छोटे डेस्कटॉप तयार केले. डेलचा ‘ऑप्टिप्लेक्स मायक्रो’, एचपीचा ‘एलिटडेस्क मिनी’ आणि लेनोव्होचा ‘थिंकसेंटर टायनी’ ही त्यांची नावे. बँका, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या ही यंत्रे शेकड्यांनी घेतात आणि भाडेकरार संपला की ती दुय्यम बाजारात येतात.

तिसरा प्रवाह चीनमधील शेन्झेन परिसरातील उत्पादकांचा. बीलिंक, जीएमकेटेक, मिनिसफोरम ही त्यांतील ठळक नावे. २०२३ च्या सुरुवातीस इंटेलने ‘एन१००’ हा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आणला आणि या प्रवाहाला पूर आला. आज ऑनलाइन दुकानात ‘मिनी पीसी’ असा शोध घेतल्यावर जी लांबलचक यादी दिसते, तिच्यातील स्वस्त यंत्रांत हा प्रोसेसर किंवा त्याचे भाऊबंद फार मोठ्या संख्येने आढळतात.

स्वस्ताई कोठून येते

स्वस्त मिनी पीसीचा प्रोसेसर हलका असला तरी बनावट नसतो. तो इंटेल किंवा एएमडीचाच असतो आणि सर्वसाधारणपणे यंत्राचा सर्वांत टिकाऊ भाग तोच असतो. काटकसर होते ती त्याच्याभोवतीच्या गोष्टींत : साठवण, पंखा, वीजपुरवठ्याचा अडॅप्टर, वाय-फाय कार्ड, बायोसची देखभाल, विंडोजचा परवाना आणि विक्रीनंतरची सेवा. जाहिरातीत प्रोसेसर आणि रॅम ठळक अक्षरांत असतात. भरवसा मात्र ज्यांचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो किंवा मुळीच नसतो, अशा भागांवर ठरतो. स्वस्त यंत्राचे मूल्यमापन करताना हे सूत्र ध्यानात ठेवावे.

प्रोसेसरच्या नावांतील गोंधळ

एन१०० मध्ये चार कोअर असतात, त्याचा सर्वाधिक वेग ३.४ गिगाहर्ट्झ आणि इंटेलने नमूद केलेली वीजमर्यादा ६ वॅट असते. रॅमसाठी त्याला एकच वाहिनी मिळते आणि अधिकृत कमाल मर्यादा १६ जीबी आहे. ब्राउझर, ईमेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल आणि चित्रपट पाहणे यांसाठी तो पुरेसा आहे. एव्ही१ या नव्या पद्धतीचे व्हिडिओ तो हार्डवेअरच्या मदतीने उलगडतो, ही त्याची विशेष जमेची बाजू. मोठे कोड संकलित करणे, व्हिडिओ संपादन किंवा अनेक आभासी यंत्रे चालवणे यांसाठी तो नाही.

या कुटुंबात मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असे नसते. एन९५ ची वीजमर्यादा १५ वॅट आहे, पण त्यातील ग्राफिक्स एन१०० पेक्षा लहान आहे. एन९७ ची मर्यादा १२ वॅट आहे. २०२५ मध्ये आलेला एन१५० म्हणजे थोडा वेग वाढवलेला एन१००, त्याहून अधिक काही नाही. केवळ त्यासाठी जास्त किंमत मोजण्याचे कारण नाही.

एएमडीच्या नावांतही सावधगिरी हवी. रायझन ५ ५५००यू हा झेन २ रचनेचा, तर रायझन ५ ५६००यू हा झेन ३ रचनेचा आहे. नावे शेजारची असली तरी पिढ्या वेगळ्या आहेत. ७००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. त्यानुसार ७३२०यू झेन २ चा, ७४३०यू झेन ३ चा आणि ७८४०एचएस झेन ४ चा. हा एक अंक वाचता आला तर ‘नवीन ७००० मालिका’ अशा जाहिरातीमागचा जुना माल ओळखता येतो.

साठवण : पहिला कच्चा दुवा

स्वस्त यंत्रांत साठवणीचे तीन प्रकार आढळतात. सर्वांत खालचा ईएमएमसी. तो मदरबोर्डवरच जडवलेला असतो, सेकंदाला साधारण ३०० एमबीच्या आसपास वाचतो आणि बिघडल्यास बदलता येत नाही. दुसरा साटा एसएसडी, त्याचा वेग सुमारे ५५० एमबी. तिसरा एनव्हीएमई एसएसडी, चार मार्गिका मिळाल्यास पीसीआयई ३.० वर तो ३,५०० एमबीपर्यंत जाऊ शकतो. रोजच्या कामात साटा आणि एनव्हीएमई यांतील फरक फारसा जाणवत नाही. ईएमएमसी आणि बाकी दोन यांतील फरक मात्र जाणवतो. म्हणून ईएमएमसीचे यंत्र, कितीही स्वस्त असले तरी, मुख्य संगणक म्हणून घेऊ नये.

एसएसडी असली तरी ती अनेकदा अनोळखी नावाची असते. लेखन सहनशक्ती किती, याचा आकडा निर्मात्याने कोठेही जाहीर केलेला नसतो. ती लगेच बिघडेल असे नाही, पण बिघडण्याची शक्यता आणि नुकसान यांचा विचार केल्यास नामांकित कंपनीची ५०० जीबीची एसएसडी स्वतः बसवणे हा स्वस्त यंत्रावरील सर्वांत शहाणा खर्च ठरतो. खरेदीपूर्वी यंत्रात २२८० लांबीची एसएसडी बसते की फक्त २२४२ ची आखूड, आणि ती साटा असावी लागते की एनव्हीएमई, हे पाहून घ्यावे.

रॅमबाबतही असेच. काही यंत्रांत रॅम सुटी असते, काहींत बोर्डवर जडवलेली. जडवलेली रॅम वाढवता येत नाही, म्हणून अशा वेळी पहिल्या दिवशीच १६ जीबीचे यंत्र घ्यावे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत. ‘आता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा जुना हिशेब त्यामुळे पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही.

उष्णता, पंखा आणि अडॅप्टर

लहान डब्यात उष्णतेला बाहेर पडण्यास वाट कमी असते. ती कोंडली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. यंत्र बिघडत नाही, पण सुस्तावते. छोट्या पंख्याची बेअरिंग कालांतराने झिजते आणि घरघर सुरू होते. बिनपंख्याचे यंत्र शांत असते, पण त्याला मोकळी हवा हवी. टीव्हीमागच्या बंद कपाटात किंवा आखाती देशांत वातानुकूलन बंद असलेल्या खोलीत ते दिवसभर चालवू नये.

अडॅप्टर ही दुर्लक्षित बाब आहे. एन१०० च्या यंत्रांना बहुधा १२ व्होल्टचा, तर मोठ्या प्रोसेसरांच्या यंत्रांना १९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि दोहोंची गोल पिन दिसायला सारखी असू शकते. चुकीचा अडॅप्टर जोडला तर बोर्ड जळू शकतो. पर्यायी अडॅप्टर घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढेच किंवा अधिक, पिनेची जाडी आणि धन-ऋण दिशा तीच, या सर्व गोष्टी जुळल्या पाहिजेत. शक्य असल्यास यूएसबी-सी वर चालणारे यंत्र निवडावे. त्यासाठी बदली अडॅप्टर कोणत्याही शहरात मिळतो.

बायोस : न दिसणारी देखभाल

संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणारा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. त्यातील दोष वेळोवेळी उघडकीस येतात. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ या नावाने आणि जुलै २०२४ मध्ये ‘पीकेफेल’ या नावाने असे दोष जाहीर झाले. पीकेफेलमध्ये तर केवळ चाचणीसाठी असलेली, ‘विश्वास ठेवू नये’ असे नावातच लिहिलेली किल्ली अनेक उत्पादकांच्या विक्रीच्या यंत्रांत तशीच राहिल्याचे आढळले.

दुसरी बाब ‘सिक्युअर बूट’ची. त्यासाठी वापरली जाणारी मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कालबाह्य होत आहेत आणि त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेत आहेत. जुन्या प्रमाणपत्रांवरचे यंत्र बंद पडत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्याची पुढील सुरक्षा त्याला मिळत नाही. बदल नीट पार पडण्यासाठी काही यंत्रांना बायोसचे अद्ययावतीकरण लागते.

येथे मोठी आणि छोटी कंपनी यांतील खरे अंतर दिसते. डेल, एचपी आणि लेनोव्हो आपल्या कार्यालयीन यंत्रांसाठी अनेक वर्षे बायोस प्रसिद्ध करतात आणि ते मॉडेल क्रमांकानुसार शोधता येतात. स्वस्त ब्रँडांपैकी काहींच्या संकेतस्थळावर एकही बायोस नसतो. काही ठिकाणी तो ग्राहकसेवेला पत्र लिहून मागावा लागतो. खरेदीपूर्वी दहा मिनिटे काढून कंपनीच्या ‘सपोर्ट’ पानावर आपल्या मॉडेलची फाइल आणि तिची तारीख पाहावी. मागील वर्षभरात एकही अद्ययावतीकरण नसेल, तर त्या यंत्राच्या भवितव्याबद्दल फार आशा बाळगू नये.

आत कोणते विंडोज आहे

२०२४ च्या सुरुवातीस ‘एसमॅजिक’ या ब्रँडच्या काही मिनी पीसींवर कारखान्यातूनच आलेले घातक प्रोग्रॅम एका यूट्यूब समीक्षकाने दाखवून दिले. त्यांत ‘ब्लाडाबिंडी’ आणि ‘रेडलाइन’ या जातींचा समावेश होता. रेडलाइन ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. काही काळात तयार झालेल्या यंत्रांबाबत हा प्रकार घडल्याचे कंपनीने पुढे मान्य केले. सर्वच स्वस्त यंत्रे अशी असतात असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु खोक्यातून काढलेले नवे यंत्र स्वच्छच असते, हे गृहीतक मात्र त्याने मोडीत काढले.

उपाय सोपा आहे आणि तो कोणत्याही ब्रँडच्या स्वस्त यंत्राला लागू करावा : पहिला पासवर्ड टाकण्यापूर्वी विंडोज पूर्णपणे नव्याने बसवावे. ‘रीसेट’ पुरेसे नाही, कारण ते यंत्रातीलच फाइली वापरू शकते आणि त्याच दूषित असतील तर आजार परत येतो. दुसऱ्या, विश्वासू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनचे साधन उतरवून किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा, नव्या यंत्रातील सर्व पार्टिशन पुसावीत आणि मग विंडोज बसवावे. त्याआधी वाय-फायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा किंवा इंटरनेटची वायर जोडावी. नाहीतर मध्येच अडायला होते.

परवान्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. अमेरिकेत विंडोज ११ होम किरकोळीत १३९ डॉलर आणि प्रो १९९ डॉलरना मिळते. उत्पादकांना परवाने घाऊक दराने मिळतात, म्हणून स्वस्त यंत्रात प्रो असणे हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण काही विक्रेते कंपन्यांसाठीचे सामूहिक परवाने घरगुती यंत्रांत भरतात. पुनर्स्थापनेपूर्वी ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘ॲक्टिव्हेशन’ हे पान पाहावे. तेथे ‘डिजिटल लायसन्स’ असे लिहिलेले असेल तर परवाना यंत्राशी जोडलेला आहे आणि विंडोज नव्याने बसवल्यावर तो आपोआप लागू होतो. एखाद्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचा उल्लेख दिसला, तर यंत्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच विक्रेत्याकडे विचारणा करावी. कार्यालयाचे काम त्या यंत्रावर करायचे असल्यास ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. मालकाच्या माहितीसुरक्षेच्या धोरणाचे उत्तरदायित्व आपल्यावरही येते.

जुने पण घरंदाज : कार्यालयीन मिनी पीसी

स्वस्त नव्या यंत्राचा खरा प्रतिस्पर्धी दुसरे स्वस्त नवे यंत्र नसून भाडेकरारातून परत आलेले कार्यालयीन यंत्र आहे. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५-८५००टी हा २०१८ सालचा प्रोसेसर सहा कोअरचा, ३५ वॅटचा आहे. एकाच वेळी अनेक कामे चालवताना तो एन१०० ला मागे टाकतो. रॅमचे दोन खाचे, बदलता येणारी एसएसडी, सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका हे सर्व उपलब्ध असते. उणिवा अशा की तो वीज थोडी अधिक घेतो आणि एव्ही१ व्हिडिओसाठी हार्डवेअरची मदत देत नाही.

या खरेदीत पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पिढी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा त्यापुढील पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर आडमार्गाने विंडोज ११ बसवून ती विकली जातात. ती अधिकृतरीत्या आधारप्राप्त नसतात. आय५-६५००टी किंवा ७५००टी असे नाव दिसल्यास तेथेच थांबावे. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अट नाही.

दुसरी, वाय-फाय. कार्यालये वायर वापरत असल्याने अनेक यंत्रांत वाय-फाय कार्डच नसते.

तिसरी, पडद्याची जोडणी. काही मॉडेलांत एचडीएमआय नसून फक्त डिस्प्लेपोर्ट असतो. केबल किंवा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

चौथी, कुलूप. बायोसला जुन्या मालकाचा पासवर्ड असेल किंवा यंत्र त्यांच्या व्यवस्थापन यादीत अजून नोंदलेले असेल, तर ते हातात असूनही आपले नसते. पहिल्याच दिवशी बायोस उघडून पाहावा.

पाचवी, अडॅप्टर. डेलची यंत्रे अडॅप्टरची ओळख तपासतात आणि अनोळखी अडॅप्टर असल्यास प्रोसेसरचा वेग खाली आणतात.

मॅक मिनी स्वस्त आहे का

२०२४ मध्ये आलेल्या एम४ मॅक मिनीची सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर, सोबत १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. एन१०० च्या तुलनेत ती तिप्पट-चौपट आहे. परंतु त्याचा वेगही वेगळ्या श्रेणीतला आहे आणि ॲपलच्याच आकड्यांनुसार काम नसताना तो अवघी ४ वॅट वीज घेतो. रॅम मात्र नंतर वाढवता येत नाही. कोड, छायाचित्रण किंवा संगीत यांत रोज काम करणाऱ्यास वर्षांच्या हिशेबात तो महाग पडत नाही.

जुना, इंटेल प्रोसेसरचा मॅक मिनी मात्र टाळावा. २०२५ च्या ‘टाहो’ या मॅकओएस आवृत्तीने २०१८ च्या मॅक मिनीला वगळले आहे.

वर्षाला किती पडतो

खरेदीची किंमत हा अर्धाच हिशेब आहे. विश्वासाने वापरता येतील अशा वर्षांनी तिला भागले पाहिजे. पुढील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी आहेत. समजा, एन१०० चे यंत्र १६० डॉलरना घेतले, त्यात ४० डॉलरची नवी एसएसडी टाकली आणि ते चार वर्षे चालले : वर्षाला ५० डॉलर. एसएसडी न बदलता ते दोन वर्षांतच बंद पडले : वर्षाला ८० डॉलर, आणि गेलेल्या माहितीची किंमत वेगळी. कार्यालयीन जुने यंत्र १४० डॉलरना, वाय-फाय आणि केबलसाठी ३० डॉलर, वापर चार वर्षे : वर्षाला साधारण ४३ डॉलर. मॅक मिनी ५९९ डॉलरना, सात वर्षे : वर्षाला सुमारे ८६ डॉलर.

विजेचाही विचार करावा. सरासरी १० वॅट घेणारे यंत्र वर्षभर अहोरात्र चालवल्यास ८७.६ युनिट लागतात. ६० वॅट घेणाऱ्या जुन्या टॉवर संगणकाला ५२५.६. ब्रिटनमध्ये युनिटला २५ पेन्स धरल्यास हे खर्च अनुक्रमे सुमारे २२ आणि १३१ पौंड होतात. छायाचित्रांचा साठा किंवा घरगुती सर्व्हर म्हणून सतत चालू ठेवायच्या यंत्रासाठी ही बचत खरीखुरी आहे. दिवसाला दोन तास वापरायच्या संगणकासाठी ती नगण्य आहे. तेवढ्यासाठी चालता टॉवर टाकून देऊ नये.

वॉरंटी : कागदावरची आणि हाताशी असलेली

वॉरंटीचा काळ किती, यापेक्षा ती कोणत्या देशात कोण निभावणार, हा प्रश्न मोठा आहे. दुरुस्तीसाठी यंत्र स्वखर्चाने चीनला पाठवावे लागत असेल, तर टपालखर्चच यंत्राच्या किमतीला भिडतो.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पैसे परत मागता येतात आणि पहिल्या सहा महिन्यांत आढळलेला दोष मुळात नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. युरोपीय संघात नव्या वस्तूंना किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे. अमेरिकेत कंपनीने लेखी वॉरंटी दिलीच पाहिजे अशी संघराज्याची सक्ती नाही. म्हणून तेथे दुकानाचे परतीचे धोरण आणि क्रेडिट कार्डाचे संरक्षण यांना महत्त्व येते. मात्र दिलेली वॉरंटी विशिष्ट कंपनीचेच भाग वापरण्याच्या अटीला बांधण्यावर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने बंधन घातले आहे. स्वतःची एसएसडी बसवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. सर्वच देशांत स्थानिक पत्ता असलेल्या विक्रेत्याकडून घेणे हितावह. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेच्या नावाखाली विकणारा प्रत्यक्षात दुसऱ्या खंडातील त्रयस्थ असू शकतो.

आई-वडिलांसाठी भारतात नेताना

सुट्टीवर जाताना पुण्या-नाशिकच्या घरी आई-वडिलांसाठी मिनी पीसी नेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने भारताने लॅपटॉप, टॅब्लेट आणि अतिलहान आकाराचे संगणक यांच्या आयातीवर निर्बंध आणले. प्रवाशाच्या सामानातून नेलेल्या वस्तूंना तो निर्बंध लागू केला नाही आणि टपाल किंवा कुरिअरने एक नग शुल्क भरून मागवण्याची सवलत ठेवली. एक बारकावा मात्र महत्त्वाचा : प्रवाशाला एका लॅपटॉपसाठी स्वतंत्र करमाफी असते, पण मिनी पीसी लॅपटॉप नव्हे. त्याची किंमत सर्वसाधारण करमुक्त मर्यादेत धरली जाते. खरेदीची पावती जवळ ठेवावी आणि त्या वेळची मर्यादा प्रवासापूर्वी पाहावी.

परदेशातील वॉरंटी सहसा सोबत येत नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असल्यास भारतात तो चालतो, मात्र पिनांसाठी बदल लागतो. मिनी पीसीला बॅटरी नसल्याने वीज गेली की तो तत्क्षणी बंद पडतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी यूपीएस हवाच, आणि त्याची किंमत हिशेबात धरली की अनेकदा साधा लॅपटॉपच बरा ठरतो. मराठी लिहिण्याची अडचण मात्र येत नाही. विंडोज ११ मध्ये इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कळफलक अंगभूत आहेत. बिघाड झाल्यास धावून येणारे कोणी जवळ नसेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणाहून किंवा गावातील ओळखीच्या दुकानदाराकडून घेतलेले यंत्र परदेशातून नेलेल्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

परतीच्या मुदतीत करावयाच्या चाचण्या

यंत्र हाती आल्यावर पहिल्या आठवड्यातच पुढील गोष्टी उरकाव्यात.

१. ॲक्टिव्हेशनचे पान पाहून त्याचे छायाचित्र ठेवावे आणि मग विंडोज नव्याने बसवावे.

२. प्रोसेसर, रॅम आणि साठवण जाहिरातीप्रमाणे आहेत का, हे ‘टास्क मॅनेजर’मध्ये पडताळावे.

३. ‘मेमटेस्ट८६’ने रात्रभर रॅम तपासावी. एकही चूक दिसली तर यंत्र परत करावे.

४. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ने एसएसडीचे आरोग्य आणि वापराचे तास पाहावेत. नव्या यंत्रात शेकडो तासांची नोंद असू नये.

५. तासभर जड काम देऊन तापमान, पंख्याचा आवाज आणि वेग टिकतो का, हे पाहावे.

६. ४के पडदा असल्यास तो ६० हर्ट्झवर चालतो का, हे तपासावे. एचडीएमआय १.४ असल्यास ४के केवळ ३० हर्ट्झवर मिळते आणि माउस अडखळत चालल्यासारखा वाटतो.

७. प्रत्येक यूएसबी, वाय-फाय, ब्लूटूथ आणि झोपेतून यंत्र जागे होणे, हे सर्व एकदा करून पाहावे.

कोणी काय घ्यावे

टीव्हीला जोडण्यासाठी, घरगुती सर्व्हरसाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी एन१०० किंवा एन१५० चे यंत्र योग्य. अट एवढीच की विंडोज किंवा लिनक्स स्वतः नव्याने बसवावे आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र असावी. घरून कार्यालयाचे काम आणि आर्थिक व्यवहार करणाऱ्याने आठव्या किंवा त्यापुढील पिढीचे जुने कार्यालयीन यंत्र घ्यावे, कारण त्यामागे बायोसची परंपरा आणि सुट्या भागांचा बाजार उभा असतो. ज्याची रोजीरोटी संगणकाच्या वेगावर अवलंबून आहे, त्याने स्वस्ताईचा मोह टाळून मॅक मिनी किंवा झेन ४ श्रेणीचे, स्थानिक वॉरंटी असलेले यंत्र निवडावे. ईएमएमसीचे, कधीही बायोस न मिळालेले किंवा विक्रेत्याचा पत्ता नसलेले यंत्र कोणीच घेऊ नये.

स्वस्त मिनी पीसी हा फसवा माल नव्हे. निर्मात्याने वाचवलेल्या कामाचा काही भाग तो ग्राहकाच्या अंगावर टाकतो, इतकेच. ते काम म्हणजे एक शनिवार, एक पेन ड्राइव्ह आणि कदाचित एक एसएसडी. एवढे करण्याची तयारी असेल, तर दीडशे डॉलरचे यंत्र अनेक वर्षे इमानाने चालू शकते. तयारी नसेल, तर तेच काम आधीच करून ठेवलेल्या यंत्रासाठी शंभर डॉलर अधिक मोजणे हाच किफायतशीर व्यवहार होय.